श्वासाचं कारण

चष्मा घसरतो. वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसले की चौथ्या-पाचव्या वहीला तो नाकावरून खाली येतो. मी बोटाने वर ढकलते, तो परत येतो. आधी असं होत नव्हतं. माझ्या नाकावर, हाड संपून मऊ, लवचीक कूर्चा सुरू होते तिथे, एक उंचवटा होता आणि चष्मा त्याला अडून बसायचा. शाळेत असल्यापासून मी त्या उंचवट्याचा राग केला. त्याचा हा उपयोग मला तो काढून टाकल्यावर कळला.

आता तिथे खळगा आहे. फार खोल नाही, पण बाजूने उजेड पडला की दिसतो. खळग्याच्या दोन्ही अंगांना दोन सावल्या तिरप्या उतरतात, इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवावं तशा. टोक चिमटीत धरून ठेवल्यासारखं अरुंद झालं आहे. आणि उजव्या नाकपुडीतून श्वास पुरेसा येत नाही.

लोकांना सांगताना मात्र मी या गोष्टी याच क्रमाने सांगत नाही. श्वासाची गोष्ट सगळ्यात आधी सांगते, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही याचा विचार गेले काही महिने चालू आहे, आणि त्या विचारात सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते याच जागी. कारण पहिल्या वेळीही मी श्वासाचंच कारण सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खोटं होतं.

पडदा वाकडा आहे, श्वासाला त्रास होतो, असं मी घरी म्हणाले होते. शाळेत रजेच्या अर्जातही तसंच लिहिलं. पडदा थोडा वाकडा होता, हे खरं. पण नाकाचा पडदा अगदी रेषेत सरळ असलेली माणसं कमीच असतात. बहुतेकांचा कुठे ना कुठे झुकलेला असतो आणि त्यांचं काही अडत नाही. माझंही अडत नव्हतं. मी दिवसाला पाच-सहा तास शिकवायचे, जिने चढायचे, रात्री शांत झोपायचे. मला फक्त आरशात दुसरं काहीतरी बघायचं होतं. ते सांगायची हिंमत नव्हती, म्हणून श्वास पुढे केला.

का नव्हती हिंमत? आपल्या भाषेत नाक हा नुसता अवयव नाही. नाक वर करून चालायचं, कुणापुढे नाक घासायचं नाही, घराण्याचं नाक कापलं जाईल असं वागायचं नाही. नाक राखणं म्हणजे मान राखणं. मग जे नाक मिळालंय ते आवडत नाही, बदलून हवं आहे, असं म्हणताना आपण नाकाबद्दल बोलतोय की घराबद्दल, तेच कळेनासं होतं. त्यात ते नाक बाबांचं. आत्याचंही तेच. जुन्या फोटोंतल्या आजोबांचंही तेच. लहानपणी कुणीही घरी आलं की माझ्याकडे बघून म्हणायचं, "बापाचं नाक घेतलंय हो पोरीने." कौतुकानेच म्हणायचे. मी आत जाऊन पाणी प्यायचे.

पहिल्या डॉक्टरांनी माझा बाजूने काढलेला फोटो स्क्रीनवर घेतला आणि माउसने तो उंचवटा पुसला. दोन मिनिटंही लागली नसतील. मग टोक जरासं वर ओढलं. "असं हवं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. घसा दाटून आला होता. तो फोटो मी मागून घेतला आणि शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत रोज बघितला. त्या चित्राला आतली बाजू नव्हती, हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा नाकाला आतली बाजू असते, हेच मुळी माझ्या डोक्यात नव्हतं.

सातव्या दिवशी पट्टी निघाली. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिवळट डाग, आणि मधोमध एक रुंद, अनोळखी नाक. "सूज आहे, थांबा," डॉक्टर म्हणाले. ते बरोबरच होतं. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण उरलेली जायला वर्ष लागतं. टोकाची सगळ्यात शेवटी जाते, आणि त्वचा जाड असेल तर त्याहूनही उशिरा. पण हा 'सूज' शब्द पुढे वर्षभर माझ्या घरात राहायला आला. तिसऱ्या महिन्यात टोक वाकडं वाटलं, सूज असेल. पाचव्या महिन्यात सावल्या दिसायला लागल्या, सूज उतरतेय म्हणून असेल. आठव्या महिन्यात रात्री तोंड कोरडं पडून जाग यायला लागली, तेव्हाही मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि सूज असेल म्हणाले. सूज जाईल आणि खालून स्क्रीनवरचं नाक निघेल, असा माझा विश्वास होता. सूज गेली आणि खालून हे नाक निघालं.

त्या काळातलं एकटेपण कसं सांगावं मला कळत नाही. आजारी माणसाला लोक भेटायला येतात, डबा आणतात, बसतात. हौसेने करून घेतलेल्या शस्त्रक्रियेला ते नसतं. एका मैत्रिणीला मी धीर करून सांगितलं की मला हे नाक आवडत नाही. ती प्रेमाची आहे, पण पटकन म्हणाली, "अगं, पण तुलाच हवं होतं ना?" हवं होतं. म्हणून तर दुःख होतं. न मागता आलेल्या गोष्टीला निदान नशीब म्हणता येतं. मी हे पैसे भरून, सही करून, उपाशीपोटी जाऊन करून घेतलं होतं. आणि ज्यांना मी श्वासाचं कारण सांगितलं होतं ते विचारायचे, "मग, आता श्वास बरा आहे ना?" मी म्हणायचे, "हो, खूप बरा."

पहिल्या डॉक्टरांकडे मी वर्षभराने परत गेले. त्यांनी फोटो शेजारी-शेजारी लावले, म्हणाले, "उंचवटा गेला, टोक उचललं, ठरल्याप्रमाणे झालं आहे." श्वासाचं सांगितलं तर म्हणाले, ॲलर्जी असेल, फवारा वापरून बघा. फवारा दोन महिने वापरला. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहायचं नाही. एवढंच नोंदवते की नाकात बोट घालून, दिवा धरून, त्यांनी त्या दिवशी आत पाहिलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच केलं. खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "नेहमीसारखा श्वास घ्या, मुद्दाम ओढू नका." बघत राहिल्या. मग, "आता जोरात ओढा." उजवी नाकपुडी आत खेचली गेली, ती मलाही जाणवली. मग त्यांनी माझ्या उजव्या गालावर दोन बोटं ठेवली आणि गाल हळूच बाहेर, कानाकडे ओढला. "आता?"

हवा आली. गार, सरळ, वरपर्यंत. कुणीतरी खोलीची खिडकी उघडावी तशी. मी काही बोलले नाही, कारण मला रडू येत होतं. त्यांनी गाल सोडला, हवा बंद. पुन्हा ओढला, हवा आली. "कॉटल टेस्ट म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "यावरून एवढंच कळतं की अडथळा कुठल्या भागात असावा. बाकीचं आत बघून सांगते." पण माझ्यासाठी एवढंही पुष्कळ होतं. वर्षभर मी स्वतःला विचारत होते की हा त्रास खरा आहे की एकदा खोटं बोलले म्हणून आता मलाच तो भासतोय. दोन बोटांनी त्याचं उत्तर मिळालं.

नंतर त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं. ते मी इथे सांगते, कारण हे मला पहिल्या शस्त्रक्रियेआधी कळलं असतं तर मी वेगळे प्रश्न विचारले असते. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, खालचा सगळा कूर्चेचा. मधल्या भागात पडद्याच्या वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी दोन कूर्चा चिकटलेल्या असतात, घराच्या आढ्याला दोन्हीकडचं छप्पर टेकावं तशा. उंचवटा काढताना हे आढं तासलं जातं आणि त्या दोन कूर्चा पडद्यापासून सुटतात. त्यांना पुन्हा नीट आधार दिला नाही तर महिन्यामहिन्याने त्या आत ढासळतात. बाहेरून त्या ढासळण्याची सावली दिसते, तीच उलटी व्ही. आणि आतून, पडदा आणि ती कूर्चा यांच्यामधली फट अरुंद होते. तिला आतला व्हॉल्व्ह म्हणतात. नाकातून जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची ही सगळ्यात चिंचोळी जागा. तिथला कोन धडधाकट नाकातही साधारण 10 ते 15 अंशांचाच असतो. त्यामुळे तिथे थोडंसं कमी झालं तरी फार कमी होतं.

"म्हणजे सावली आणि श्वास एकाच गोष्टीमुळे?" मी विचारलं.

"एकाच," त्या म्हणाल्या. "उपायही एकच आहे. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्याच पातळ पट्ट्या बसवायच्या. स्प्रेडर ग्राफ्ट. फट उघडते आणि बाहेरचा खळगाही भरतो." अमेरिकेतले शल्यविशारद जॅक शीन यांनी 1984 मध्ये ही पद्धत मांडली आणि आता ती जगभर वापरली जाते. मी वहीत पट्टी काढली, तिला रंग दिला. घरी येईपर्यंत मी ठरवूनच टाकलं होतं.

पण ते एवढं सोपं नाही, आणि ते त्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत ऐकलं.

पट्टी बनवायला कूर्चा लागते. ती घ्यायची पहिली जागा म्हणजे नाकाचाच पडदा. सरळ, टणक, हाताशी असलेली. पण पडद्यातून किती काढायचं याला मर्यादा आहे. वरून आणि समोरून निदान सेंटीमीटरभर रुंदीची चौकट राखावीच लागते, नाहीतर नाक खचतं. पहिल्या हॉस्पिटलकडून मी शस्त्रक्रियेची नोंद मागवली. तीनदा पत्र लिहिल्यावर एक पान आलं. त्यात मधल्या ओळीत लिहिलं होतं की पडद्यातली कूर्चा काढून टोकाच्या आधारासाठी वापरली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सही घेतलेल्या कागदात असेल, मी वाचलं नसेल. दुसऱ्या डॉक्टरांनी कापसाच्या काडीने आतून पडदा दाबत दाबत चाचपला. जिथे कूर्चा असते तिथे काडी अडते, जिथे नसते तिथे पडदा लपकन हलतो. माझा बराच हलला. मी खुर्चीत बसून माझ्याच नाकातली रिकामी जागा मोजली जाताना अनुभवत होते.

मग उरतो कान किंवा बरगडी. कानाच्या खोलगट भागातली कूर्चा काढली तरी कानाचा आकार सहसा बदलत नाही, पण ती वाकडी आणि मऊ असते. दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिवले तर सरळ होतात. बरगडीची कूर्चा भरपूर आणि भक्कम. पण त्यासाठी छातीवर वेगळी चीर, काही आठवडे दुखणं, क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला धक्का लागण्याचा धोका. आणि तासून बसवलेली बरगडी पुढे हळूहळू वाकू शकते. वय वाढेल तशी ती कडकही होत जाते. डॉक्टर म्हणाल्या की माझं काम बहुधा कानावर भागेल, पण नाक उघडल्याशिवाय खात्री देणार नाही, आणि बरगडीची संमतीही आधीच घेऊन ठेवावी लागेल.

शिवाय आत व्रण आहेत. एकदा उघडलेल्या नाकात त्वचा खालच्या कूर्चेला चिकटलेली असते. पहिल्या वेळी सहज सुटणारे पदर आता सोडवावे लागतात. रक्तपुरवठ्याच्या वाटा बदललेल्या असतात. म्हणून निदान वर्ष जाऊ द्यायचं, व्रण मऊ होऊ द्यायचे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा काही ना काही करावं लागतं, असं या विषयावरच्या वैद्यकीय लिखाणात आढळतं. हा आकडा वाचून मला बरं वाटलं होतं, आपण एकटे नाही म्हणून. पण आकडा रात्री उशाशी येऊन बसत नाही.

एका तिसऱ्या डॉक्टरांनी फिलर सुचवलं. सुईने जेल भरायचं, पंधरा मिनिटांत खळगा नाहीसा, चीर नाही. मोह झाला. पण नाकात फिलर जाताना ते रक्तवाहिनीत शिरलं तर वरची त्वचा मरू शकते, अगदी क्वचित पण दृष्टीही जाऊ शकते. आणि शस्त्रक्रिया झालेल्या नाकात, जिथे वाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, हा धोका वाढतो. त्या दवाखान्यात मला हे सांगितलं गेलं नाही, मी वाचून विचारल्यावर "फार क्वचित" म्हणाले. मी उठून आले. आणि जेलने खळगा भरला असता, श्वास नाही. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी श्वासाचा विचार खरोखरच करतेय, तो आता आडोसा राहिलेला नाही.

तरीही दिसण्याचा विचार सुटलेला नाही. त्याबद्दल लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

सातव्या महिन्यापासून मी रोज नाकाचे फोटो काढत होते. फोन हातात धरून, खिडकीपाशी, बाथरूममध्ये, गाडीच्या आरशात. फोनमध्ये अकराशेच्या वर फोटो झाले होते. मी मुलांशी बोलताना माझ्या मनात माझंच नाक असायचं. फळ्याकडे वळताना उजेड कुठून येतोय ते बघायचे, उजवी बाजू वर्गाकडे जाणार नाही असं उभं राहायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "दिवसातला किती वेळ जातो नाकाच्या विचारात?" मी म्हटलं, थोडा. दुसऱ्या भेटीत म्हटलं, तीन-चार तास. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरबद्दल सांगितलं. दिसण्यातल्या एखाद्या लहानशा किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषात मन इतकं गुंततं की दुसरं काही सुचत नाही, असा आजार. अशा माणसाला शस्त्रक्रियेने सहसा बरं वाटत नाही, कधी जास्तच बिघडतं. मला तो आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या नाकात मोजता येणारा बिघाड आहे, हेही त्या म्हणाल्या. पण शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांशी दोन-तीनदा बोलून यायला सांगितलं. क्षणभर अपमान वाटला. बाहेर पडताना वाटलं, मला इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी फोटो पुसायला सांगितले नाहीत. हात लांब करून, फोन दूर ठेवून एक फोटो काढायला सांगितला, आणि नेहमीच्या अंतरावरून एक. 2018 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं मोजलं गेलं की फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. भिंग खोटं बोलत नाही, फक्त जे जवळ आहे ते मोठं करतं. माझे अकराशे फोटो सगळे फूटभरावरचे. मी ते हळूहळू पुसले, चार रात्री लागल्या. खळगा पाच फुटांवरूनही आहे. पण पाच फुटांवर त्याच्या आजूबाजूला माझा चेहराही आहे.

याच दिवसांत मी वाचत होते, सापडेल ते. सुश्रुतसंहितेत तुटलेलं नाक जोडण्याचं वर्णन आहे, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालाची त्वचा सोडवायची आणि नाकाच्या जागी शिवायची. मला माहीत नव्हती ती पुढची गोष्ट. शिवण्याआधी दोन्ही नाकपुड्यांच्या जागी दोन नळ्या बसवायच्या, हे त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे नाक नुसतं दिसायला नाक होऊन चालणार नाही, त्यातून वाट राहायला हवी, हे तेव्हाच त्या शल्यकर्त्याच्या मनात पक्कं होतं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. ज्या कवासजीचं नाक टिपूच्या सैन्याने कापलं आणि ज्याच्या कपाळाच्या त्वचेतून पुण्यात नवं नाक घडवलं गेलं, त्याची हकिकत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून पुढे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. त्याचं नाक शिक्षा म्हणून गेलं होतं. त्याने ते परत मागितलं, तर कुणी त्याला हौशी म्हटलं नसेल.

आणि मग 1898 मध्ये बर्लिनमध्ये याकोब योसेफ, ज्यांना पुढे जॅक जोसेफ म्हणून ओळखलं गेलं. त्यांच्याकडे एक तरुण आला, ज्याला आपल्या मोठ्या नाकामुळे लोकांत जायला नको वाटायचं. नाकाला रोग काहीच नव्हता. जोसेफ यांनी ते लहान केलं, आणि बर्लिनच्या वैद्यकीय मंडळापुढे उभं राहून सांगितलं की त्याच्या मनाला होणारा त्रास हेच शस्त्रक्रियेचं कारण होतं, आणि तो आता बरा आहे. मी हे दोनदा वाचलं. सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस भरसभेत ते कारण उघडपणे सांगू शकला, जे मला माझ्या स्वयंपाकघरात बाबांना सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. "जुनं नाक परत मिळेल असं मनात असेल तर आत्ताच काढून टाका," त्या म्हणाल्या. माझ्या मनात तेच होतं. मी तिथे कधी बोलले नव्हते, तरी त्यांना कळलं. त्या उंचवट्यावरचं हाड गेलं, ते कुठे ठेवलेलं नाही. आता होईल ते तिसरं नाक. त्यात कानाची कूर्चा असेल, व्रण असतील. कदाचित टोक थोडं ताठ लागेल, हसताना पूर्वीसारखं खाली येणार नाही. आणि पुन्हा वर्षभर सूज. डॉक्टर टोकाला शक्यतो हात लावणार नाहीत, कारण तिथली त्वचा दुसऱ्यांदा ताणणं त्यांना पटत नाही. मधला भाग उघडायचा, आधार द्यायचा, बस. चिमटलेलं टोक बरंचसं तसंच राहील. ते ऐकून मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, जी बाई करू नये ते करणार नाही असं मला तोंडावर सांगतेय, तिच्याच हातात मी नाक देऊ शकते.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "एकच मिळणार असेल, तर काय?" मी लगेच म्हणाले, श्वास. त्या गप्प राहिल्या. मग मी म्हटलं, "श्वास हवा आहे. आणि खळगाही भरायला हवा आहे. दोन्ही. पहिल्या वेळी मी फक्त दुसऱ्यासाठी आले होते आणि पहिलं सांगितलं होतं." त्यांनी दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक.

तारीख अजून घेतलेली नाही. मोठ्या सुट्टीत करायचं चाललंय, म्हणजे वर्ग बुडणार नाहीत. त्याआधी घरी सांगायला हवं होतं. आई गेल्यापासून मी आणि बाबा दोघंच आहोत. परवा रात्री ते पेपर वाचत होते. त्यांच्या नाकावर, उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, चष्म्याच्या पॅडचे दोन खोल ठसे आहेत, कित्येक वर्षांचे. मी समोर बसले.

"बाबा, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं वाटतंय."

त्यांनी पेपर खाली केला.

"आणि पहिल्या वेळी श्वासाचं काही नव्हतं. मला दिसायला वेगळं हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

"लहानपणी तू तोंड मिटून झोपायचीस," ते म्हणाले. "इतका हलका श्वास, की तुझी आई नाकापाशी हात धरून बघायची. तुला श्वासाचा त्रास कधीच नव्हता."

"मग तेव्हा विचारलं का नाहीत?"

"तू सांगितलं नाहीस, म्हणून नाही विचारलं." मग थांबून, "आता तोंड उघडं टाकून झोपतेस. माझ्या खोलीत ऐकू येतं. वर्ष होत आलं."

मला बोलता येईना. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. तो जिथल्या तिथे बसला.

"या वेळी काय काय करणार आहेत," ते म्हणाले, "ते नीट सांग मला."

मी आत जाऊन वही आणली, आणि ज्या पानावर नाकाचं छप्पर काढलं होतं ते उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.